ताईच्या घराची भिंत

ताईचं सासरचं घर मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पडल्यावर. त्याआधी नऊ वर्षं ते मला व्हिडिओ कॉलवर तिच्या डोक्यामागे दिसायचं. निळी भिंत, खिळ्याला टांगलेली चाळण, कधी मागून जाणारी तिची सासू. आमच्यापैकी कुणी तिथे गेलंच नव्हतं. आमच्या कैनाडहून पूंछ म्हणजे तीन दिवसांचा प्रवास आणि वर शेवटचा तासभर चढ. बाबा गवंडी. हातातलं काम टाकून जाणं त्याला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं त्याला जायचंही नव्हतं.

लग्नाआधी ताई वेवजीला मावशीकडे राहायची आणि तिथून उंबरगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. भाऊजी तिथेच मशीनवर होते. माणूस शांत, कष्टाळू, पण घर पार सीमेवर आणि भाषा वेगळी. बाबाने नाही म्हटलं नाही. मांडवात मात्र तो पाहुण्यासारखा एका कडेला बसून राहिला. वर्षभरात भाऊजींच्या वडिलांना लकवा झाला, ती दोघं गावी गेली आणि तिकडचीच झाली. पुढे सासरे वारले, ताईला मुलगी झाली. भाऊजी फोनवर आले की बाबा म्हणायचा, "ठीक है ना?" ते म्हणायचे, "हां जी." की फोन आईच्या हातात.

त्या मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. मी तलासरीला असते. इथे झेरॉक्सच्या एका दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते, दाखले, रेशनकार्ड, वादळात पत्रे उडाले त्याची भरपाई, असं सगळं. दुकानाच्या मालकाने मोबाइलवर बातम्या लावल्या होत्या, त्यात ताईच्या तालुक्याचं नाव ऐकलं आणि मी तिला फोन लावला. लागला नाही. भाऊजींचाही नाही. दुसऱ्या दिवशी बाबा दोन गाड्या बदलून तलासरीला आला. दुकानातल्या स्टुलावर बसला. त्याच्या फोनवर गावात रेंज नसते, म्हणून आला होता. गिऱ्हाईक आलं की उठून बाहेर उभा राहायचा आणि ते गेलं की परत येऊन बसायचा. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. ताई आधी हिंदीतच बोलायला लागली, मग मराठीत आली. "आम्ही आहोत," म्हणाली. बरे आहोत असं म्हणाली नाही.

ती सगळी शेजाऱ्यांच्या गोठ्यात लपली होती. तो गोठा उताराच्या पोटात खोदलेला आहे, म्हणून वाचली. सासू मात्र म्हैस सोडायला मधेच वर गेली आणि गोळा पुढच्या दोन खोल्यांवर पडला. म्हैस गेली. सासूच्या खांद्यात लोखंडाचे तुकडे घुसले. आता सगळी एका शाळेत होती, गावातली आणखी बरीच घरं त्यांच्यासोबत.

गोळीबार थांबल्यावर ती घरी परतली आणि तिने पहिला व्हिडिओ पाठवला. निळ्या भिंतीच्या जागी डोंगर दिसत होता. पुढच्या दोन खोल्या म्हणजे दगडमातीचा ढीग, त्यातून पत्र्याचं एक टोक वर आलेलं. मागची एक खोली उभी होती. तिच्यातच ती चौघं राहायला लागली होती. तो पाहायला आईही बाबासोबत दुकानात आली होती, तिने पदर तोंडाला लावला. बाबा मात्र व्हिडिओ परत परत लावायला सांगत होता. तो ढिगाकडे पाहतच नव्हता. त्याचं सगळं लक्ष उभ्या खोलीच्या भिंतीवर होतं.

त्याने मला ताईला फोन लावायला सांगितला.

"एक दोरी घे," तो तिला म्हणाला. "खाली दगड बांध. भिंतीच्या डोक्यावरून बाहेरच्या बाजूने सोड. दोरी हलायची थांबली की खाली दगड भिंतीपासून किती लांब आहे ते बघ."

ताईने ओळंबा केला. वर दोरी भिंतीला चिकटून होती. खाली चार बोटं अंतर.

"ती भिंत बाहेर झुकली," बाबा म्हणाला. "आजच पाडा. तिच्याजवळ कुणी झोपू नका."

तेव्हा मी मधे पडले. माझं कामच अर्जांचं. मला माहीत होतं की नुकसान पाहायला माणूस येईपर्यंत एक दगडसुद्धा हलवायचा नसतो, नाहीतर काय पडलं आणि काय पाडलं हे कुणाला पटवणार? मी ताईला सांगितलं, पाहणी होऊ दे, मग पाड. "कागदासाठी पोरीला भिंतीखाली झोपवतेस?" असं बाबाने मला दुकानाबाहेर रस्त्यावर विचारलं. मी म्हटलं, कागद नसेल तर नवी भिंत कशातून बांधणार? ताईने माझं ऐकलं. मी शिकलेली होते ना.

पाहणीला माणूस एकोणिसाव्या दिवशी आला. ते एकोणीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कोरडं असेल तेव्हा ती सगळी बाहेर झोपायची, पण सासूच्या खांद्याची जखम भरली नव्हती. तिला आतच, त्याच भिंतीच्या पायथ्याशी झोपवावं लागायचं. सकाळी तिचा फोन आला की मी आधी सासूचं विचारायची. आलेल्या माणसाने वाटेवर उभं राहून दोन फोटो काढले आणि एक खोली उभी आहे म्हणून नोंद केली, 'अंशतः नुकसान'. तो शब्द मी रोज भरते. इकडे कुणाच्या अर्जावर तो आला की मी त्यांना सांगायची, काका, थोडं तरी मिळेल. आता ताईला तसं सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी तिच्या वतीने फेरपाहणीचा अर्ज केला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

भिंत पाडली आणि बांधायचं म्हटलं तर गवंडी मिळेना. सगळ्या पट्ट्यातच घरं पडलेली. जे दोन-तीन जाणते होते ते पुढच्या कित्येक महिन्यांसाठी बांधलेले. भाऊजी शेतातलं सगळं काम करतात, पण दगडाचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. बाबा एका रविवारी तलासरीला आला आणि ताईला म्हणाला, "तूच बांध. मी सांगतो."

ताई लहानपणी बाबाच्या हाताखाली कामाला जायची. मी धाकटी म्हणून शाळेत, आणि ती सुट्टीत घमेलं घेऊन बाबाच्या मागे. तेव्हा बाबाने तिला माल कालवायला दिला, दगड उचलून द्यायला लावलं, पण थापी कधी तिच्या हातात दिली नाही. बाईमाणसाचं काम पाट्या वाहायचं, असंच तो म्हणायचा. आता तोच फोनमधून तिला शिकवायला लागला.

दर रविवारचा क्रम ठरला. ताई आठवडाभराचं काम छोट्या छोट्या व्हिडिओंत धरायची आणि वरच्या टेकाडावर जाऊन पाठवायची, कारण गोळीबारानंतर व्हिडिओ जाण्याइतकी रेंज तिथेच उरली होती. बाबा सकाळच्या गाडीने माझ्याकडे यायचा, चहा प्यायचा आणि चष्मा लावून बसायचा. मोठा दगड खाली, लहान वर. दोन सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. दर दोन हातांवर एक लांब दगड असा घालायचा की तो भिंतीच्या आरपार गेला पाहिजे, नाहीतर भिंतीचे दोन पापुद्रे होतात आणि पोट फुगतं. ताई ऐकायची, मग भाऊजींना त्यांच्या पहाडीत सांगायची. कधी भाऊजी स्वतःच फोन घ्यायचे आणि बाबा आपल्या मोडक्या हिंदीत त्यांना समजावायचा. नऊ वर्षांत जेवढं बोलले नव्हते तेवढं ते दोघं त्या दोन महिन्यांत बोलले. एकदा फोन ठेवल्यावर बाबा म्हणाला, "जावई ऐकून घेतो. पुन्हा विचारायला लाजत नाही." त्याच्या तोंडून हे कौतुकच.

ऑगस्टमध्ये भिंत छातीपर्यंत आली होती. तिकडे सलग पाऊस लागला आणि एका दुपारी ती भिंत आडवी झाली.

ताईने मला एकटीला फोन केला. भाऊजी पायथ्याशी पाणी काढत होते, त्यांच्या पावलावर दगड आले आणि दोन बोटं मोडली. ती सांगत होती आणि मागे तिची मुलगी एकसारखी किंचाळत होती. भिंत पडल्याचा आवाज तिला गोळ्याचा वाटला होता. ताई म्हणाली, बाबाला सांगू नकोस. मीही दोन रविवार त्याला रेंज नाही असं सांगितलं. तिसऱ्या रविवारी त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "पडली ना?"

मी मान डोलावली. मग ताईने पाठवलेले फोटो दाखवावेच लागले. भिंतीचा एकही सांधा सुटला नव्हता. खालची जमीनच सरकली होती आणि भिंत अख्खीच्या अख्खी कलंडली होती. त्याने पाया दोन हात खोदायला सांगितला होता. आमच्याकडे तेवढ्यात मुरूम लागतो. तिकडेही व्हिडिओत खाली पिवळट, कडक काहीतरी दिसलं तेव्हा तोच म्हणाला होता, बास, लागला मुरूम.

"माती हातात न घेता मी पाया सांगितला," बाबा म्हणाला. "आयुष्यात कधी केलं नव्हतं असं."

तो उठला आणि गाडी पकडायला निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईने शेजारच्या फोनवरून सांगितलं, की तो जेवत नाही, घरामागे बांधावर बसून असतो, आणि कुणी भिंतीच्या कामाला बोलवायला आलं तर मी काम सोडलं म्हणतो. मी सुट्टी काढून कैनाडला गेले. बाबाने माझ्यासमोर कपड्यांची पिशवी ठेवली. म्हणाला, "मी जातो तिकडे. मला गाडीत बसवून दे."

आदल्या वर्षी त्याच्या छातीत दुखलं होतं. वलसाडला नेलं होतं. डॉक्टरांनी चढ चढायचा नाही, वजन उचलायचं नाही, असं बजावून सोडलं होतं. ते मी त्याला पुन्हा सांगितलं. तो ऐकेना. पिशवी उचलून दारापर्यंत गेला. तेव्हा मी बोलून गेले, "तिथे तुला काही झालं तर ताईने घर बांधायचं की तुला खांद्यावर घ्यायचं?"

बोलू नये ते बोलले होते. आई आत निघून गेली. बाबाने पिशवी खाली ठेवली आणि ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसला. मी संध्याकाळच्या गाडीने परत आले. रस्ताभर मला वाटत होतं की एक घर तिकडे पडलं आणि एक मी इथे पाडलं.

मग सप्टेंबरही गेला. तिकडे चौघं जण ताडपत्रीखाली होती. बर्फ पडायला फार दिवस उरले नव्हते. मी ताईला म्हटलं, सगळं सोड, सगळ्यांना घेऊन इकडे ये. ती म्हणाली, सासू प्रवास करू शकत नाही, जमीन इथे आहे, आणि आम्ही उठून आलो तर ढीगसुद्धा आमचा राहणार नाही.

मार्ग भाऊजींनी काढला. त्यांचा एक मावसभाऊ सफरचंदांचा ट्रक घेऊन मुंबईकडे येतो, आमच्याच हायवेवरून. भाऊजींनी लंगडत लंगडत पायाच्या खड्ड्यात उतरून तीन ठिकाणची माती काढली: वरची, कमरेएवढ्या खोलीची आणि त्याखालची. तीन पुरचुंड्या बांधून त्या ट्रकमध्ये दिल्या. ट्रक घाटात रस्ता बंद म्हणून अडकला आणि बऱ्याच दिवसांनी तलासरीला पोहोचला. हायवेवरच्या ढाब्यावर मी बाबाला घेऊन गेले. तो यायला तयार झाला एवढंच पुरे होतं. मावसभाऊ उतरला, बाबाच्या पाया पडला आणि पुरचुंड्या त्याच्या हातात दिल्या. बाबाने तिथेच एक सोडली. चिमूटभर माती बोटांत चुरली, जिभेला लावली आणि थुंकली.

"थांबशील का?" त्याने मावसभावाला विचारलं.

ट्रकवाल्याला वाशीला माल उतरवायचा होता. परत जाताना तीन दिवसांनी थांबतो म्हणाला.

ते तीन दिवस बाबा माझ्याच खोलीवर राहिला. माती भिजवली, तिच्या वळ्या केल्या, खिडकीत वाळवल्या. एकीला उभ्या भेगा गेल्या. एक पाण्यात ठेवली तर फुगून दुप्पट झाली. तिसरी, सगळ्यात खालची, तशीच राहिली. तो माझ्याशी फार बोलत नव्हता, पण जेवत होता. तिसऱ्या दिवशी त्याने ताईला फोन लावायला सांगितला.

"मधली माती फसवी आहे," तो म्हणाला. "पाणी पिते आणि फुगते. ती सगळी काढा. खालच्या दगडाला लागाल तेव्हाच थांबा, मग किती का खोल जावं लागेना. आणि घराच्या वरच्या अंगाला आधी चर मारा. डोंगराचं पाणी पायाकडे आलंच नाही पाहिजे." मग म्हणाला, "मागच्या वेळी माझं चुकलं. जावयाला सांग."

पलीकडून भाऊजींचा आवाज आला. ते ताईला काहीतरी म्हणत होते. ताईने सांगितलं, ते म्हणतात, बाबांनी असं बोलू नये.

ट्रक परत जाताना बाबाने त्यात आपली हत्यारं ठेवली. थापी, ओळंबा, गुण्या, लाइनदोरी, सगळं एका जुन्या टॉवेलात बांधून. मी म्हटलं, तुला लागतील. तो म्हणाला, "मला आता कुठे लागणार?"

पुढचे दिवस म्हणजे नुसती शर्यत होती. तीन खोल्यांचा विचार सोडला, एकच बांधायची ठरली. पाया ताईच्या खांद्याएवढा खोल गेला तेव्हा दगड लागला. भाऊजी बसून दगड घडायचे, ताई बांधायची. नोव्हेंबरमध्ये तिने हाताचा एक फोटो चुकून पाठवला, बोटांची कातडी फाटून लाल झालेली. तिने तो लगेच काढून टाकला, पण मी पाहिला होता. बाबालाही मी तो दाखवला नाही. डिसेंबरमध्ये वर पत्रे चढले आणि सासूला आत नेलं. तिचा हात खांद्याच्या वर जात नाही, कधी जाणारही नाही, पण ती कोरड्यात झोपली. काही दिवसांतच बर्फ पडलं. बाबाने व्हिडिओत कोपरे पाहिले आणि एका ठिकाणी पोट आलंय हे त्याला दिसलं, मला त्याच्या डोळ्यांवरून कळलं. तो ताईला काही म्हणाला नाही.

मला वाटलं, आता जरा श्वास घेता येईल. पण ताईची मुलगी त्या खोलीत जाईना. सात वर्षांची पोर. दिवसा उंबऱ्यापर्यंत यायची, भाकरी घ्यायची आणि शेजाऱ्यांच्या गोठ्यात जाऊन बसायची, तिथेच शेजारच्या म्हातारीच्या कुशीत झोपायची. उचलून आत आणलं तर अंग ताठ करायची. पत्र्यावरून बर्फ घसरलं की बाहेर पळायची. इतक्या महिन्यांत ताई माझ्याजवळ एकदाही रडली नव्हती. त्या रविवारी रडली. "एवढं बांधलं गं," म्हणाली, "आणि ती आतच येत नाही."

बाबाने फोन मागून घेतला आणि नातीला बोलाव म्हणाला. वाऱ्यातून पोरीचा आवाज आला.

"नाना, आप ज़मीन के नीचे घर बना सकते हो?"

बाबाने विहिरी बांधल्यात, पाण्याच्या टाक्या बांधल्यात. माणसांनी राहायची खोली जमिनीखाली त्याने कधी बांधली नव्हती. इथे कुणी सांगितलीही नव्हती. तो म्हणाला, "देखता हूँ." फोन ताईकडे गेला.

तिकडे काही घरांना गोळीबारात लपायला सरकारकडून तळघरं बांधून मिळाली आहेत, पण ताईच्या वस्तीचा नंबर कधी लागेल ते कुणालाच माहीत नाही. अर्ज तर मीच भरलाय. बाबा थांबायला तयार नाही. तो आता रविवारी येतो आणि मधे एखाद्या बुधवारीही येतो. माझ्या दुकानातले पाठकोरे कागद घेतो आणि त्यांवर रेघा मारत बसतो. घर ज्या बाजूला पडेल तिकडे दार नको. दुसरी वाट हवी. आत पाणी शिरता कामा नये. पडलेल्या दोन खोल्यांचे दगड त्यात वापरायचे, म्हणजे त्या खोल्या आता पुन्हा उभ्या राहायच्या नाहीत. हे ताईलाही कळलंय.

परवा त्याने तिला विचारलं, "दुसरा गोळा तुमच्या शेतात पडला म्हणाली होतीस. त्याचा खड्डा आहे का अजून?"

आहे, ती म्हणाली, बर्फाने भरलाय.

"बर्फ काढ आणि काठीने मोज."

आम्ही फोन चालू ठेवून वाट पाहिली. फावड्याचा आवाज येत राहिला. मग ताई धापा टाकत म्हणाली, "बाबा, माझ्या कमरेच्या वर आहे. चार बोटं वर."

बाबाने तो आकडा, म्हणजे गोळा जमिनीत किती खोल जातो ते, कागदावर लिहिला. त्याच्यापुढे छताची जाडी लिहायला जागा सोडली आणि पेन हातात धरून तसाच बसला. मग मला म्हणाला, "तू तुझं काम कर. मला वेळ लागेल."